आबांच्या गोळ्या आणि बावीस तर्कदोष

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ४१ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी तर्कदोषांविषयी, म्हणजे युक्तिवादात होणाऱ्या चुकांविषयी, वाचायला सुरुवात केली, बावीस दोषांची यादी मोबाईलमध्ये उतरवून घेतली, आणि तेव्हापासून घरात, स्टाफरूममध्ये, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही बोलले की त्यातला दोष त्यांना दिसू लागला व त्या तो बोलूनही दाखवू लागल्या. त्यांचे सासरे, म्हणजे घरातले आबा, ७२ वर्षांचे असून त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून जांभूळबी आणि कारल्याचे विकतचे चूर्ण तीन आठवडे घेतल्यावर आबांची उपाशीपोटीची साखर १९० वरून १४८ वर आली आणि 'चूर्णाने गुण आला' असे ते सर्वांना सांगू लागले. नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीच्या पंगतीत या शिक्षिकेने सर्वांसमक्ष 'तुमच्या बोलण्यात तीन तर्कदोष आहेत' असे म्हणून ते बोटांवर मोजून दाखवले. आबा ताटावरून उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. त्याला आता बारा दिवस झाले. धाकटी जाऊ ग्रुपमधून बाहेर पडली आहे, पती म्हणतात, 'तू बरोबर असशील, पण तुझ्याशी बोलायची भीती वाटते', आणि आठवीतला मुलगा आईचीच यादी वाचून आईच्या बोलण्यातले दोष काढतो आहे. त्या विचारतात : 'घरात शांतता हवी म्हणून मी खोटे खपवून घ्यायचे, की खरे बोलून एकटे पडायचे?'

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला एक प्रश्न थांबू शकत नाही, म्हणून तो आधी घेते. तर्क कोणाचा बरोबर हे बाजूला ठेवून आजच आबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा, गोळ्या बारा दिवस बंद आहेत हे त्यांना सांगा, आणि पुन्हा कशा सुरू करायच्या हे त्यांनाच ठरवू द्या. वाढलेली साखर पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांवर मात्र तिचे काम चालूच राहते. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा ग्लानी यांपैकी काही दिसले, तर फोनवरही थांबू नका, त्यांना थेट दवाखान्यात न्या. हा फोन तुम्हीच केला पाहिजे असे नाही. पतीने केला तरी चालेल, आणि तुम्ही सांगता त्या परिस्थितीत बहुधा त्यांनीच केलेला बरा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळते. खोटे खपवून घ्यायचे की खरे बोलून एकटे पडायचे, असे तुम्ही विचारता. तुमच्या बाविसांच्या यादीत 'पर्याय अनेक असताना दोनच आहेत असे मांडणे' हा दोष नक्की असेल, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याच साच्यातला आहे. पत्रातले तुमचे 'सगळे मला टाळतात' हे वाक्यही तसेच ताणलेले आहे. पत्रात मला टाळणारी माणसे तीन दिसली आणि त्यांतले एक, तुमचे पती, टाळत नसून भीती वाटते असे तुम्हाला तोंडावर सांगत आहेत. गुण कापण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण तर्कदोषांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते, कारण आपल्या मनातला निष्कर्ष आपल्याला आधीच पटलेला असतो आणि पटलेल्या गोष्टीची कोणी तपासणी करत नाही. अकरावी-बारावीला मी २६ वर्षे तर्कशास्त्र शिकवले. त्यातली पहिली काही वर्षे मीसुद्धा अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन हिंडत होते.

तेव्हा आबांचे म्हणणे पंगतीत तपासले तसे नको, वहीवर गणित मांडावे तसे शांतपणे तपासू.

त्यांचे पहिले विधान असे : चूर्ण घेतले, साखर उतरली, म्हणून चूर्णाने उतरली. याला तुम्ही यादीतले नाव दिलेत. आपल्या भाषेत त्याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडणे म्हणतात, संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात, आणि आबांना हे दोन्ही तुमच्याआधीपासून ठाऊक असणार. नाव दिल्याने काम संपत नाही, उलट तिथून ते सुरू होते. त्या तीन आठवड्यांत आणखी काय बदलले होते? उत्तर तुमच्याच पत्रात एका ओळीत येऊन गेले आहे आणि तुम्ही त्यावर थांबला नाहीत. चूर्ण सुचवणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर आबा रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊ लागले होते, ते शेजारी चहा घेत नाहीत म्हणून आबांचा सकाळचा गुळाचा चहाही सुटला होता, आणि डॉक्टरांच्या गोळ्या तेव्हा चालूच होत्या. म्हणजे १४८ हा आकडा गोळ्या, चालणे, सुटलेला चहा आणि चूर्ण या चौघांचा मिळून आहे. त्यात पाचवी गोष्ट तुम्हा गणितवाल्यांच्या ओळखीची : माणूस नवा उपाय बहुधा आकडा नेहमीपेक्षा वर गेला असतानाच सुरू करतो, आणि वर गेलेला आकडा काही न करताही पुष्कळदा आपल्या सरासरीकडे परततो. घरच्या ग्लुकोमीटरवरच्या दोन सकाळच्या दोन आकड्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणेच आहे.

पण इथे एक पायरी अशी आहे, जी नव्याने शिकणारे जवळजवळ सगळे जण चुकवतात. आबांचा युक्तिवाद कच्चा आहे एवढ्याने त्यांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली अशा उत्तरपत्रिका तुम्ही दर सहामाहीला तपासता. चूर्णाचा थोडाफार परिणाम झालाही असेल किंवा मुळीच झाला नसेल. हाती असलेल्या माहितीवरून दोन्ही सांगता येत नाही. पंगतीत तुम्ही 'चूर्णाने काही होत नाही' असे म्हणालात, आणि त्या क्षणी आबांइतकाच कच्चा दावा तुमच्याही पदरी आला.

दुसरे विधान, 'डॉक्टर सांगणारच, त्यांचे कमिशन असते.' याला तुम्ही व्यक्तीवरचा हल्ला म्हटलेत. मला ते पूर्ण पटत नाही. सांगणाऱ्याचा आर्थिक संबंध असला की ती गोष्ट दुसरीकडे पडताळून पाहावी, हा शहाणपणा आहे. पडताळणी न करताच ती फेटाळावी, हा दोष आहे. आबा अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर चालले आहेत. त्यांना एवढेच विचारावे लागेल की चूर्णाच्या डबीमागेही कोणाचा तरी पैसा आहे, मग तिला तोच तराजू का नको. आणि हे विचारताना 'डॉक्टर कधी चुकत नाहीत' असा सूर लावू नका, कारण तो दावा तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि गरजही नाही.

तिसरे, 'गावातली पंधरा माणसे घेतात, सगळ्यांना फरक आहे.' पंधरा हा अंश झाला. छेद कुठे आहे? चूर्ण घेऊन फरक न पडलेले किती, मधेच सोडलेले किती, साखर मोजलीच नाही असे किती, हे पारावर कोणी सांगत नाही, कारण गुण आला तर माणूस दहा जणांना सांगतो आणि न आल्यास डबी फडताळात सरकवून गप्प बसतो.

तुमची अडचण तर्क अधिक झाल्याने आलेली नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. तर्क जिथे नुसता सुरू झाला होता तिथेच तुम्ही तो थांबवलात. नाव ठेवले आणि पुढे गेलात.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. आज आपण 'वाद' हा शब्द भांडणासाठी वापरतो, पण न्यायसूत्रांत, म्हणजे त्यांच्या मूळ ग्रंथात, वाद म्हणजे खरे काय ते कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा. जल्प जिंकण्यासाठी असतो आणि त्यात शब्दच्छलही चालतो. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत राहणे, ज्यावरून आपला 'वितंडवाद' आला. आधारासारख्या दिसणाऱ्या पण आधार न देणाऱ्या कारणांना त्यांनी हेत्वाभास म्हटले आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले, म्हणजे दोषांची यादी करण्याची हौस नवी नाही. गंमत अशी की त्यांनी जल्प आणि वितंडा यांना हद्दपार केले नाही. कोवळा अंकुर राखायला काटेरी फांद्यांचे कुंपण लागते, तसा यांचा उपयोग तत्त्व राखण्यासाठी करावा, असे ते सांगतात. कुंपण बांधाला असते. तुम्ही ते पंगतीत आणून टाकलेत.

यावर माझाच एक जुना प्रसंग सांगते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा आमची आत्या हातात स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन देवळातून थेट आमच्या घरी आली. तिचा चेहरा उजळला होता. मी तिला स्वयंपाकघराच्या दारातच पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण, समजावून सांगितला, समूहाच्या भ्रमावर दोन वाक्ये ऐकवली, आणि ती म्हणाली, 'तू म्हणतेस तर असेल.' पुढची दहा मिनिटे ती गप्प होती. तेवढ्यात माझ्या धाकट्या चुलतभावाने पाट्यावरचा वरवंटा उभा केला, पाण्याने ओला केला आणि तिच्याच चमच्यात दूध काठोकाठ भरून चमच्याचा काठ हळूच दगडाला टेकवला. दुधाची पातळ रेघ वरवंट्यावरून खाली ओघळली आणि चमचा रिकामा झाला. ओल्या दगडावर पांढरी धार जेमतेम दिसत होती. आत्याने चमचा त्याच्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा करून पाहिले, मग पुन्हा एकदा, आणि म्हणाली, 'अगबाई, वरवंटाही पितो की.' मग ती हसली. मला तेव्हा हे टोचले होते की मी इतके अचूक बोलूनही श्रेय त्या पोराने नेले. आणि खरे सांगायचे तर पृष्ठताणाचे ते स्पष्टीकरण मी स्वतः तरी कुठे पडताळले होते? मीही ते सकाळी कोणाकडून तरी ऐकलेलेच होते.

तुमच्या घरातला वरवंटा कोणता, तेवढे शोधायचे आहे.

त्याआधी एक नाजूक गोष्ट. पंगतीतला प्रसंग झाला आणि दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या. तुमच्यामुळे झाल्या असे मी म्हणणार नाही, कारण मग तोच कावळा आणि तीच फांदी माझ्याही गळ्यात पडेल; चूर्णावरचा विश्वास वाढत चालला होता आणि गोळ्या कदाचित तशाही सुटल्या असत्या. पण शक्यता म्हणून ती नजरेआड करू नका. सुनेने चारचौघांत मोजून चुका दाखवल्यावर ७२ वर्षांच्या माणसाने चूर्ण सोडले असते, तर ते नुसते मत बदलणे ठरले नसते, पंगतीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर घेतलेली माघार ठरली असती. माणसाला मत बदलायचे असेल तर त्यासाठी मागच्या दाराने निघण्याची थोडी वाट ठेवावी लागते. म्हणून पहिले बोलणे क्षमेचे असू द्या, आणि क्षमा मुद्द्याची नको, जागेची मागा : 'आबा, मी त्या दिवशी पंगतीत बोलायला नको होते.' एवढेच. पुढे 'पण' लावू नका. 'पण'नंतरचे सगळे आठ दिवसांनी बोलता येते.

आठ दिवसांनी त्यांना सांगण्याऐवजी विचारा. 'चूर्णाने गुण येतो की चालण्याने, हे आपल्याला कसे कळेल?' हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर तुम्हालाही माहीत नाही, आणि म्हणूनच तो विचारताना आवाज आपोआप सरळ राहतो. आबांनी आयुष्यभर शेती केली आहे असे तुम्ही लिहिता. नवे खत आणले की ते आधी दोन सऱ्यांना घालून शेजारच्या सऱ्यांशी ताडून पाहायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही. तिथे ते तुमच्या-माझ्याहून काटेकोर असतील. साखरेच्या बाबतीत सऱ्या पाडता येत नाहीत, पण नोंद ठेवता येते. चूर्ण चालू ठेवायचे की बंद करायचे हे डॉक्टरांना डबी दाखवून ठरवा, गोळ्यांचा निर्णयही त्यांचाच. त्यांना 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी तपासणीविषयी विचारा. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ही तपासणी मोजते, म्हणून एका सकाळच्या आकड्यापेक्षा ती मागच्या दोन-तीन महिन्यांचे चित्र देते. 'या तपासणीत अमुक दिसले तर मी मत बदलेन' हे आबांनी आधी सांगावे, आणि तुम्हीही सांगावे. दोघांनी. तुमचे मत कशाने बदलेल हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर ते जल्पच आहे असे समजा.

काटेरी फांद्या वापरायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे चूर्ण विकणारा. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात डबीवर 'मधुमेह मुळापासून नाहीसा' असे छापले आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे आणि ज्या आजारांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात त्याने निषिद्ध केली आहे, त्या यादीत मधुमेह आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. अशा काही चूर्णांत न सांगता ॲलोपॅथीची साखर उतरवणारी औषधे मिसळल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे, त्यामुळे 'झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना' हा दिलासाही डोळे मिटून घेऊ नये. इथे कितीही धारदार बोलावे, माझी हरकत नाही. आबा विक्रेते नाहीत. ते गिऱ्हाईक आहेत आणि या प्रकरणात फसले असतील तर तेच फसले आहेत.

व्हॉट्सॲपविषयी फार लिहीत नाही. ग्रुपवर दोषाचे नाव लिहून उत्तर देणे आजपासून बंद करा. ज्या निरोपाने कोणाच्या पैशाला किंवा प्रकृतीला धक्का लागू शकतो, तेवढ्यापुरते पाठवणाऱ्याला एकट्याला लिहा, 'हे कुठून आले, काही कळले का?' बाकीचे सुविचार आणि हळदीच्या दुधाचे गोडवे तसेच वाहू द्या. जावेला फोन करा. तिला ग्रुपवर परत या असे म्हणू नका, नुसते बोला.

राहता राहिला मुलगा, आणि खरे तर मला त्याच्याविषयी लिहिताना सर्वांत आनंद होतो आहे. 'सरांनी सांगितले आहे म्हणून हा धडा आधी कर' असे तुम्ही म्हणालात आणि तो म्हणाला, 'आई, हा अधिकाराचा दोष.' उत्तर चुरचुरीत आहे, पण चूक आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणे) यांच्याबरोबर शब्द, म्हणजे विश्वासार्ह जाणत्याचे सांगणे, हेही आपल्या परंपरेत ज्ञानाचे एक साधन मानले आहे, आणि ते नसते तर आपण कोणीच औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचून औषध घेतले नसते. दोष तेव्हा होतो, जेव्हा जाणता एका विषयातला असतो आणि प्रमाण दुसऱ्या विषयात मानले जातो, उदाहरणार्थ क्रिकेटपटूने सुचवलेली गुंतवणूक. त्याला हे समजावून सांगा, आणि मग घरात एक नियम लावा, जो तुम्हालाही लागू असेल : समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत असे मांडून दाखवायचे की त्याने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे कबूल केले पाहिजे. त्यानंतरच दोष काढण्याची परवानगी. मी वर्गात हे करत असे. निम्म्या वेळा मुलांना मांडतानाच कळायचे की आपण साप म्हणून भुई धोपटत होतो.

त्याची चिकित्सा बाहेर वळवायला दहावीच्या निकालानंतरचे दिवस फार चांगले. चौकाचौकांत क्लासेसचे फलक लागतात आणि त्यांवर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली टक्के. एखाद्या संध्याकाळी त्याला घेऊन निघा आणि एवढेच विचारा : या क्लासला एकूण मुले किती होती हे फलकावर कुठे लिहिले आहे? आणि तोच चेहरा आणखी कोणत्या फलकावर दिसतो का? त्याला छेद सापडणार नाही, आणि न सापडलेला छेद काय असतो हे त्याला फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा तिथे उभे राहून लवकर कळेल.

आबांच्या नोंदीचे कामही त्यालाच द्या. वेगळी वही नको. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तुम्ही दुधाचे लिटर आणि सिलिंडरची तारीख टिपत असाल, त्याच चौकोनात खाली साखरेचा आकडा, गोळी घेतली का, चूर्ण घेतले का आणि मळ्यापर्यंत गेले का, एवढी चार चिन्हे पुरतात. आकडा आबांनी वाचून सांगायचा आणि नातवाने लिहायचा. तुम्ही निदान पहिला महिनाभर त्या पानाकडे पाहून काहीही बोलू नका. आबांनी स्वतःहून 'जरा बघ गं हे' म्हटले, तर मात्र चष्मा लावून बसा.